नणंदेच्या वाट्याची काकडी

त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत जेवढी भाजी आली तेवढी आधी कधी आली नव्हती, आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही दोन्ही वेळा बटाटे खाल्ले. बाजारातून पिशवीत भरून आणलेले, उन्हानं सुरकुतलेले बटाटे. मागच्या दारी दोडके लोंबत होते, काकड्या पानाआड लपत होत्या, ढेमसं मातीला टेकून गोल होत होती, आणि मी चुलीपुढे बसून रोज त्याच बटाट्यांची सालं काढत होते. आज सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मी फार दमलेली होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला सासऱ्यांनी नोकरी संपल्यावर बांधलेलं आमचं लहानसं खपरेलाचं, कौलारू घर होतं. मागे विहीर आणि विहिरीपासून काट्याच्या कुंपणापर्यंत भाजीची वाडी. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याची नोकरी बैहरला, जंगलाच्या बाजूला. तो शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत जायचा. मुलगी परीक्षा आटोपली की माझ्या माहेरी, वर्ध्याकडे पळायची. म्हणजे उन्हाळाभर घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई.

मी गावातल्याच एका सरकारी दफ्तरात कारकून होते. मार्च महिना म्हणजे आमच्या दफ्तरात जिवाचा काळ. सगळ्या वर्षाचं काम त्या एका महिन्यात उरकायचं. एप्रिल उजाडेपर्यंत डोळे, मान, पाठ, सगळं उतरून ठेवावंसं वाटायचं. आणि नेमकं तेव्हाच वाडीला पाणी जास्त लागायचं. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्या बी लावायच्या, माती भुसभुशीत करायच्या, वेलाला काठ्या बांधायच्या, पण विहिरीचं पाणी शेंदणं माझ्याकडे. दफ्तरातून आलं की चहासुद्धा नंतर. आधी पदर खोचायचा, बादली सोडायची, गडगडी करकर करत दोर ओढायचा, आणि एकेका आळ्यात पाणी ओतायचं. उन्हाळा चढत गेला तसं पाणी खाली जात गेलं आणि दोर लांब होत गेला. रात्री अंथरुणावर पडलं की तळहात जळजळायचे.

एवढं करून त्यातलं एक पानही आम्ही खात नव्हतो, ते काहून, ते आता सांगते.

सासूबाईंनी आपल्या माहेराहून एक रीत आणली होती. वाडीतलं नवं, म्हणजे हंगामाची पहिली तोड, आधी सासरी गेलेल्या लेकीकडे जायची. लेकीनं ती घेतली की मग ती भाजी आपल्या चुलीवर चढायची. तोवर ती भाजी, बाजारातली असली तरी, घरात कुणी तोंडाला लावायची नाही आणि शेजारीपाजारीही द्यायचं नाही. त्यांना लेक एकच, माझी नणंद. तिला राजेगावला दिलेलं, गोंदियाच्या रस्त्यावर, जिथून पुढे महाराष्ट्र लागतो. शेतीवाडीचं मोठं एकत्र घर. तिच्या दारात आमच्यापेक्षा कितीतरी जास्त भाजी व्हायची, आमच्या काकड्यांवाचून तिचं काही अडलेलं नव्हतं. पण माहेरचं नवं पोचलं की ती गावभर सांगायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यासोबत उलट निरोप धाडायची की दोडके गोड होते. तो निरोप आला की सासूबाईंचा चेहरा दिवसभर निवलेला असायचा.

आदल्या वर्षीही नवं पाठवलं होतं. गोंदियाच्या बसचा कंडक्टर ओळखीचा. त्याच्याकडे टोपली द्यायची. नणंदेचं घर थांब्याच्या समोरच, तो उतरून देऊन यायचा. त्या दिवशी दुपारी तीच बस परत आली आणि कंडक्टर टोपली घेऊन आमच्या दारात उभा. वर बांधलेलं फडकंही सुटलेलं नव्हतं.

"माताजी, उन्होंने लिया नहीं," एवढंच तो म्हणाला, पाणी प्यायला आणि गेला.

सासूबाईंनी टोपली उचलली आणि शेजारच्या गाईपुढे नेऊन पालथी केली. पाठवलं तर होतं, म्हणजे आपल्याकडून रीत पाळली गेली, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि त्या वर्षी आम्ही बाकीची भाजी खाल्ली. पण राजेगावचं नाव घरातून गेलं ते गेलंच. राखी आली, गेली. दिवाळीलाही नणंद आली नाही. राजेगावचं कुणी बाजारात दिसलं तर सासूबाई रस्ता बदलायच्या. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "माह्या घरचं ज्याले नको, त्याचं माह्यापुढे काढू नको." मग मीही काढला नाही.

आणि आता पुन्हा उन्हाळा लागला होता, पुन्हा वेल भरले होते. पहिल्या काकड्या तोडायला आल्या तेव्हा मी विचारलं, "आई, राजेगावले पाठवायच्या काय?"

"नाही."

"मग आपण खायच्या?"

"लेकीच्या आधी? मले अजून तेवढी भूक नाही लागली."

झालं. पाठवायचं नाही, कारण पुन्हा परत आलं तर? आणि खायचं नाही, कारण पाठवलं नाही. असा तिढा घालून त्या माळ जपत बसल्या आणि मी बाजारात गेले. बाजारातल्या भाजीवालीचं घर आमच्या वाडीच्या मागच्याच वस्तीत. ती माझ्या पिशवीकडे बघून हसली. "दीदी, आपके यहाँ तो इतना लगा है, और आप आलू ले जा रही हो?" मी काय सांगणार? म्हटलं, "सासूमाँ को आलू पसंद है." तेव्हापासून ती मला पाहिलं की आधी बटाटे तागडीत टाकायची.

शेजारीण तर रोज कुंपणाशी यायची. एक दिवस तिनं बोट करून विचारलं, "ती कोपऱ्यातली काकडी केवढी झाली वो, तोडत काहून नाही?" सासूबाई तिच्यावर केवढ्यानं ओरडल्या. "बोट नको दाखवू! बोट दाखवलं का काकडी सडते." शेजारीण बिचारी बोट मुडपून घरात गेली. काकड्या तशाही सडतच होत्या, बोट न दाखवता. पिवळ्या पडून, फुगून, वेलावरच मऊ होत होत्या. भेंड्या करकरीत झाल्या होत्या, दोडक्यांच्या शिरा बोटाला टोचत होत्या. मला ते बघवत नव्हतं. मी दफ्तरात फायलींवर सह्या घेत फिरायची आणि डोक्यात चवळीच्या शेंगांची परतलेली भाजी यायची, वर थोडं ओलं खोबरं. एवढी साधी भूक, आणि ती आपल्याच घरात भागत नाही, याचा मला संताप येत होता.

शनिवारी नवरा यायचा त्याच्यापुढे मी गाऱ्हाणं मांडायची. तो पाय धुवायचा, चहा प्यायचा, वाडीत एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "यंदा लय आलं बुवा." जंगलच्या रस्त्यानं एकटा सायकल मारणारा माणूस, वाघाला भ्यायचा नाही, पण आईशी बोलायचं म्हटलं की त्याला एकदम झोप यायची. "तुम्ही दोघी पाहून घ्या ना," म्हणून तो कूस बदलायचा. मी बघत बसायची त्याच्या पाठीकडे.

सासूबाईंचा मला राग येत होता, पण पुरता येतही नव्हता. कारण मी त्यांना बघत होते. दुपारच्या उन्हात सगळं गाव दारं लावून पडायचं तेव्हा त्या डोक्यावर ओलं फडकं टाकून वाडीत बसायच्या. चांगल्या चांगल्या काकड्यांवर वाळलेलं गवत झाकायच्या, ऊन लागू नये म्हणून. ज्या फळाला कुणी खाणारच नाही त्याला सावली कशाला, असं एकदा माझ्या तोंडून गेलं. त्यांनी पुढच्या काकडीवर गवत ओढलं. बस गोंदियाकडून आली की तिचा हॉर्न आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. तेवढ्यापुरता त्यांचा हात थांबायचा. मग पुन्हा गवत.

एका संध्याकाळी माझं सगळंच संपलं. दफ्तरात साहेबानं एका न केलेल्या चुकीवरून चारचौघांत झापलं होतं. घरी आले तर वीज गेलेली. बादली सोडली तर ती तळाला खरवडून गढूळ, अर्धीच वर आली. मी ती तशीच विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि खाली बसले.

"आई, उद्यापासून मी पाणी नाही घालत. वाळू द्या सगळं."

सासूबाई वेलांमधून उठल्या, एक हात गुडघ्यावर ठेवत विहिरीपर्यंत आल्या, आणि बादली विहिरीत सोडून स्वतःच दोर ओढायला लागल्या. दोन हात वर आली की बादली पुन्हा खाली जायची. त्यांच्या हातात जोरच नव्हता. मी उठले आणि दोर हातातून घेतला. दुसरं काय करणार होते?

पाणी ओतता ओतता मी म्हटलं, "येत्या रविवारी मी राजेगावले जाऊन येते. काय झालं ते एकदा तोंडावर विचारते."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण त्यांनी वाकून एका वेलाची काठी सरळ केली. मग म्हणाल्या, "जा. पण वाडीतलं एक पान नेऊ नको. माह्या घरचं दुसऱ्यांदा वापस नाही आलं पाहिजे."

तेव्हा मला कळलं की त्यांना राग जेवढा होता त्याहून भीती मोठी होती. एकदा टोपली परत आली तर वर्षभर जीव धरून राहता येतं. दुसऱ्यांदा आली तर लेक संपलीच.

त्या शनिवारी नवरा आला नव्हता. रविवारी मी एकटीच निघाले. वाटेत बिस्किटाचा पुडा तरी घ्यावा असं मनात आलं होतं, पण अड्ड्यावर बस लागलेलीच होती. आणि खरं सांगायचं तर माझंही डोकं तापलेलं होतं. आमचं घेत नाहीत ना, मग मी काय म्हणून हातात काही न्यावं? ऊन म्हणून फिकी, धुऊन धुऊन पांढरी पडलेली सुती साडी नेसले होते, लू लागू नये म्हणून पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेला. बसमध्ये बसायला जागा नव्हती. दांडी धरून उभी होते आणि मनातल्या मनात नणंदेशी भांडत होते. चांगले चांगले टोमणे तयार केले होते. राजेगाव येईपर्यंत ते सगळे घामात गेले.

रस्ता ओलांडून मी तिच्या दारात गेले. नणंद ओसरीवर तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं. आधी चेहऱ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून ती उठली, पदर तोंडावर घेतला आणि मोठ्यानं रडायला लागली.

मी जागच्या जागी उभी. आतून तिची जाऊ आली, तिनं चटई टाकली. आणखी दोघी-तिघी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. कुणी 'कशा आहात' म्हटलं नाही, कुणी 'चहा ठेवा' म्हटलं नाही. नणंद माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.

"लय उशीर केला वो वहिनी. वर्षश्राद्धही झालं. आता आल्या?"

"कोणाचं वर्षश्राद्ध?" मी विचारलं.

रडणं एकदम थांबलं. त्या सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मला माझे रिकामे हात, ती पांढरी साडी, तोंडावरचा पदर, सगळं एकाच वेळी उमगलं. लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं कुणी जात नाही. जातात ते फक्त मयतीला, डोळे पुसायला. मी रागानं रिकामी गेले होते आणि त्यांना वाटलं, माहेर एकदाचं दुखवट्याला आलं.

मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. आदल्या वर्षी नणंदेचे चुलतसासरे गेले होते. तिच्या नवऱ्याचा बाप लहानपणीच गेलेला. या काकांनीच त्याला वाढवलं, लग्न लावून दिलं. घरात ते सासऱ्यांच्याच जागी. ते गेले त्याच रात्री बालाघाटला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ आमच्यासाठी निरोप दिला होता. तो निरोप आमच्यापर्यंत आलाच नाही. त्या माणसाला मी नाव ठेवत नाही, तेव्हा सगळ्यांचेच निरोप असे येणाऱ्याजाणाऱ्याच्या भरवशावर असायचे आणि बहुतेक वेळा पोचायचे. इकडे आम्हाला काही पत्ता नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी हौसेनं टोपली भरून कंडक्टरच्या हाती दिली.

"सगळ्या बाया पाह्यत होत्या, वहिनी," नणंद म्हणाली. "मोठ्या जाऊबाईची माय आली, धाकटीचा भाऊ आला. मी रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. बस थांबली, मले वाटलं आई उतरली. आईच्या ऐवजी दोडके उतरले."

ती पुन्हा रडू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सुतकाच्या घरी नवं घेत नाहीत, म्हणून तिनं टोपली कंडक्टरकडेच परत दिली होती. रडता रडता एवढंच म्हणाली होती, घेता येत नाही आता. त्यानं आमच्या दारात येऊन त्यातलं जेवढं लक्षात राहिलं तेवढं सांगितलं.

"पण ताई, मग वर्षभरात तुम्ही एकदा विचारलं काहून नाही?"

"मी काहून विचारू?" नणंदेनं डोळे पुसत मान ताठ केली. "मयत माह्या घरी झालतं."

अगदी सासूबाईंचा चेहरा. मला तेव्हा त्या दोघींची कीव यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, एका प्रश्नासाठी या मायलेकींनी वर्ष घालवलं आणि त्या वर्षाचं पाणी मी शेंदलं. पण बोलण्याइतकंही अंगात त्राण नव्हतं. जावेनं पाण्याचा तांब्या दिला तो मी गटागटा संपवला आणि परतीच्या बसची वाट बघत त्याच चटईवर भिंतीला डोकं टेकून बसले.

घरी पोचले तेव्हा सासूबाई मागच्या दारातच बसल्या होत्या. हातात वाळलेलं गवत. मी पायही न धुता त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "कोण्या दिवशी गेले?"

"टोपली पाठवली त्याच्या आदल्या रात्री."

त्यांनी हातातला गवताचा झुबका खाली ठेवला.

"मेलेल्या घरी म्या दोडके धाडले," त्या म्हणाल्या. "हिरवेगार, वरतून फडकं बांधून."

"आपल्याले निरोपच आला नाही, आई. तुमचा काय दोष?"

"निरोप नाही आला, हौ. पण टोपली तं वापस आली होती ना? लेक माहेरचं वापस करते तं घरात काही झालं असन, हे मले सुचायले नको? माय आहो मी. मी काय समजली, तं तिले गर्व झाला."

इतक्या वर्षांत सासूबाईंनी 'माझं चुकलं' असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तेव्हाही म्हटलं नाही. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि मलाही बटाट्याचा घास गिळवेना.

सकाळी मी उठले तर त्या तयार होत्या. जुनी पांढरी साडी, हातात काही नाही. मी दफ्तरात रजेचा निरोप दिला आणि त्यांच्यासोबत निघाले. बस तीच, कंडक्टर तोच. त्यानं सासूबाईंना हात देऊन वर घेतलं आणि मागे वाकून बघितलं.

"माताजी, आज टोकरी नहीं?"

"नहीं बेटा. आज हमीच जा रहे," सासूबाई म्हणाल्या. त्यानं मग खिडकीजवळची जागा करून दिली.

राजेगावला उतरल्यावर रस्ता ओलांडायला त्यांना वेळ लागला. नणंद ओसरीवर उभी होती. पळत पुढे आली नाही. सासूबाई पायरीपर्यंत गेल्या आणि तिथूनच त्यांनी जो गळा काढला तो अजून माझ्या कानात आहे. ज्यांच्यासाठी रडायला गेलो होतो त्या माणसाला त्यांनी लग्नात आणि आणखी एखाद्या वेळी पाहिलं असेल. पण त्या त्यांचं नाव घेऊन रडल्या, ते कसे होते, कसे बोलायचे, सगळं रीतीनं. मग नणंद खाली आली आणि दोघी पायरीवरच बसल्या, एकमेकींच्या गळ्यात. घरातल्या बायाही रडल्या. त्या रडण्यात काकांचा वाटा किती होता ते तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. मीही रडले. मी नेमकी कशासाठी रडले ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक थकून.

दुखवट्याला गेलेल्यानं मागे वळून 'ये' म्हणायचं नसतं. म्हणून सासूबाई निघताना नणंदेला ये म्हणाल्या नाहीत. पण त्यानंतर गोंदियाच्या बसचा हॉर्न वाजला की त्या उठून पुढच्या दारात यायच्या आणि मीही दफ्तरातून आले की आधी तिची चप्पल दिसते का ते बघायची.

ती आली तेव्हा मे महिना पार भाजून निघाला होता. विहिरीला जेमतेम पिण्यापुरतं पाणी, वेलांची पानं कडेनं करपलेली. सासूबाईंचं गवत नसतं तर काहीच उरलं नसतं. गवताखाली थोड्या काकड्या होत्या, तेवढ्याच. नणंद आली ती घरात न थांबता सरळ मागच्या दारी गेली. सासूबाई तिच्या मागे, मी सासूबाईंच्या मागे.

"तूच तोड," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या हातानं."

तिनं गवत बाजूला केलं, एक काकडी तोडली, पदराला पुसली आणि तिथंच उभ्यानं चावा घेतला. सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मी पाणी घालायची तेव्हा आळ्याकडे बघायच्या, अगदी तशा. नणंदेनं घास चावला, गिळला.

"कशी आहे?"

"गोड आहे, आई."

सासूबाईंनी उरलेली काकडी तिच्या हातातून घेतली, मोडली आणि एक तुकडा मला दिला. "घे. आता तू खा. वाडी जगवली ती तूच." सगळ्या उन्हाळ्यात हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं. मी तुकडा तोंडात घातला. आणि माझं अंग शहारलं. उन्हानं आणि तहानेनं ती काकडी अशी कडू झाली होती की जीभ आत ओढली गेली. मी नणंदेकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, काही बोलू नको. मी चावत राहिले.

मग सासूबाईंनी आपला तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबल्या. आणि थू करून मातीत थुंकल्या.

"कडूजहर आहे! अन् तू गोड म्हणतं वो?" त्या लेकीवर ओरडल्या. "कडू आहे तं कडू म्हण ना! पुन्हा गप बसशीन काय? मी अजून किती वर्षं आहो, सांग मले!"

नणंदेनं त्यांचा हात धरला. "कडू आहे, आई," ती म्हणाली. "लय कडू आहे."

सासूबाईंनी मान हलवली आणि त्या वाफ्याच्या कडेला बसल्या, नणंद त्यांच्याजवळ बसली. मी घरात जाऊन मीठ आणि सुरी आणली. आम्ही दुसरी तोडली, देठ कापून फेस येईस्तोवर घासली, मीठ लावलं. तीही कडूच निघाली. तिसरीही. तेव्हा आमच्या वाडीत त्या तेवढ्याच होत्या, म्हणून आम्ही तिघींनी त्या सगळ्या खाल्ल्या, कडू आहेत कडू आहेत म्हणत.